अकरा महिन्यांची धीट माऊ अचानक घाबरायला लागली आहे, काय करू?

शेवंतीची_आई
मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचायला येते. लिहायची वेळ आज आली, कारण घरात कुणालाच काही सुचत नाहीये.

आमची शेवंती अकरा महिन्यांची आहे. जानेवारीच्या थंडीत सोसायटीतल्या एका गाडीच्या बॉनेटमध्ये ऊब शोधत शिरली होती, जेमतेम पाच आठवड्यांची असेल. तिला बाहेर काढायला दोन तास लागले. तेव्हापासून आमच्याकडे आहे. सहाव्या महिन्यात नसबंदी झाली, लसी वेळेवर आहेत. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा.

इतकी धीट माऊ मी पाहिली नव्हती. बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दारात. कुरिअरवाल्याच्या पायात घुटमळायची. मिक्सर फिरत असताना ओट्यावर बसून बघत राहायची. आणि आता लक्ष्मीपूजनापासून, म्हणजे आठवडा झाला, ती दिवाणाखालून बाहेर येत नाही. आली तर पोट जमिनीला घासत, शेपूट आत घेऊन, भिंतीच्या कडेकडेने. डोळ्यांची बुबुळं दिवसाउजेडीही काळीभोर मोठी. खाते, पण घर झोपल्यावर. एकदा दारातल्या पायपुसण्यावर शू केली, जे आजवर कधी केलं नव्हतं. परवा मुलगा बाहेरून खेळून आला आणि नेहमीसारखा तिच्याजवळ गेला तर फिस्कारली, पंजा मारला. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "आई, ती मला विसरली का?"

आम्ही दोनदा दिवाण सरकवून तिला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं. ती थरथरत होती. ते बरोबर केलं की चूक, तेही कळत नाही.

फटाक्यांनीच असं झालं असेल का? आणि मुख्य म्हणजे, ती पुन्हा पहिल्यासारखी होईल का?

गुलबक्षी
मंगळवार, रात्री ११:२४

फटाकेच. आमच्या इमारतीतली दोन मांजरं अजून गच्चीच्या टाकीमागे लपून आहेत. काळजी घ्या, शेवंतीला पापा.

तीन_भाट्या
मंगळवार, रात्री ११:५२

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिला ओढून बाहेर काढू नका. तुम्ही प्रेमाने केलंत हे कळतं, पण तिच्या बाजूने बघा. सगळं घर धोक्याचं वाटतंय, एकच जागा उरलीय जिथे कुणाचा हात पोचत नाही, आणि नेमका तिथेच हात आला. आता तिला दिवाणाखालीही जिवाची शाश्वती नाही.

दिवाणाखालची जागा तिची म्हणून राहू द्या. तिथून दोन हातांवर पाणी, थोड्या अंतरावर खाणं, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे. खाणं आणि ट्रे शेजारी शेजारी ठेवू नका, मांजरांना ते आवडत नाही. त्या खोलीचं दार दिवसातून बराच वेळ लोटलेलं असू द्या. सगळं घर तिच्यापुढे एकदम मोकळं ठेवण्यापेक्षा एकच खोली आधी आपली वाटू दे. मग पुढचं.

माझ्याकडे तीन भाट्या आहेत. तिघी कधी ना कधी अशा बिथरल्या आहेत आणि तिघी सावरल्या आहेत.

गुरांचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ६:४०

मी पशुवैद्य आहे, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करतो. वरचा सल्ला योग्य आहे, पण त्याच्या आधी एक पायरी आहे.

वागणं अचानक बदललं की आधी शरीर तपासायचं, मन नंतर. मांजर दुखणं लपवतं. दाढ दुखत असेल, कानात काही असेल, उडी चुकून पाय मुरगळला असेल, तरी ते ओरडत नाही, फक्त लपतं आणि जवळ आलेल्याला फिस्कारतं. पायपुसण्यावर शू हे वाचून मला मूत्राशयाचाही विचार करावासा वाटतो. ताण आला की काही मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, लघवीत जंतू नसतानाही. तेव्हा ती ट्रेमध्ये किती वेळा जाते, लघवीने वाळूचे किती गोळे होतात, लघवीत लालसर काही दिसतं का, हे बघून ठेवा.

हा धागा वाचणाऱ्या बोकेवाल्यांसाठी वेगळं सांगतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्रीही दवाखाना गाठायचा. नळी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

शेवंती रात्री खाते हे चांगलं लक्षण आहे. तेही बंद झालं आणि चोवीस तास उलटले तर थांबू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते प्रकरण अवघड होऊन बसतं. आणि घरातली माणसांची कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

शेवंतीची_आई
बुधवार, सकाळी ९:१५

डॉक्टर, तीन_भाट्या, मनापासून आभार. दिवाण आता हलवणार नाही. संध्याकाळची वेळ घेतली आहे. प्रश्न असा की तिला पिंजऱ्यात घालायचं कसं? नसबंदीनंतर पिंजरा दिसला की ती पळते.

गुरांचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ९:४०

पिंजऱ्याचा वरचा भाग सुटा होतो का बघा. होत असेल तर नुसता खालचा भाग दिवाणापाशी ठेवा, त्यात तिचीच वापरलेली चादर घाला. गेली तर वरचा भाग हळूच बसवा. नाही गेली तर मोठ्या टॉवेलमध्ये अलगद गुंडाळून, मागून, एकाच माणसाने, न बोलता. नंतर पिंजऱ्यावर टॉवेल टाका आणि रिक्षात मांडीवर घ्या, खाली पायाशी नको. फार बिथरली तर आज राहू द्या आणि डॉक्टरांना फोन करा, जायच्या आधी द्यायचं शांत करणारं औषध ते वजनावरून ठरवून देतात. आणि पुढच्यासाठी एक सवय लावून घ्या: पिंजरा माळ्यावर टाकू नका, बारा महिने उघडा, जमिनीवर, तिच्या झोपायच्या जागेसारखा असू द्या.

हडसनकाठ
बुधवार, सकाळी १०:०५

आम्ही न्यू जर्सीत. इथे ४ जुलैच्या फटाक्यांनी आमचा बोका दोन दिवस कपाटात असतो. वर्षातून एकदाच म्हणून सोडून देतो, पण पुण्या-मुंबईत दिवाळी, मग लग्नसराई, मग ३१ डिसेंबर, क्रिकेटची मॅच जिंकली की आणखी. आम्ही त्या रात्री खिडक्यांना जाड रजया लावतो, पंखा चालू ठेवतो, आणि कपाटाचं दार मुद्दाम किलकिलं ठेवतो. तिसऱ्या दिवशी स्वारी बाहेर येऊन जेवायला मागते. एक आठवडा मात्र जास्त वाटतो.

पिंपळपान
बुधवार, सकाळी १०:३१

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री ८ ते १० इतकीच वेळ ठरवून दिली होती. आमच्या गल्लीत पहाटे साडेचारला पहिली माळ लागते. जनावरं, म्हातारी माणसं, तान्ही बाळं, सगळ्यांचे हाल होतात. सोसायटीच्या सभेत हा विषय दरवर्षी मांडते आणि मांडत राहणार.

रांगडा_गडी
बुधवार, दुपारी १:१२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मांजराला इतकं जपलं की ते आणखी भित्रं होतं. आमच्या वाड्यात लहानपणी सात-आठ मांजरं असायची. फटाके, ढोल, मळणीयंत्र, सगळ्यात वाढायची. कुणी घाबरलं तर आजोबा उचलून अंगणात सोडायचे. दोन दिवसांत सरळ. दिवाणाखाली ताट नेऊन दिलंत तर ती बाहेर का येईल?

तीन_भाट्या
बुधवार, दुपारी १:४०

रांगडे दादा, वाड्यातल्या मांजराला पळायला वाडा होता. अंगणात सोडलं तरी ते पेंढ्यात जाऊन बसू शकत होतं, झाडावर चढू शकत होतं. किती लांब राहायचं ते त्याच्या हातात होतं. फ्लॅटमधल्या मांजराला साडेसातशे चौरस फूट आणि एक दिवाण. तिथून काढून हॉलमध्ये सोडलं तर सुटकाच नाही.

मी हे करून पोळले आहे. माझी मधली, रेवडी, दुरुस्तीच्या वेळी ड्रिलच्या आवाजाने बिथरली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिला रोज उचलून त्याच खोलीत नेऊन बसवायचे, "बघ, काही नाहीये" म्हणत. चौथ्या दिवशी ती मला बघून पळायला लागली. आवाजाची भीती राहिली बाजूला, माझी भीती बसली. ती घालवायला दोन महिने लागले.

अबोली_म्हापसा
बुधवार, दुपारी २:२०

आमच्या आजीला मांजराला कुणी 'हाड्' म्हटलेलंही चालायचं नाही. मांजर आपल्या हातून मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, म्हणायची. आम्हा मुलांना तेव्हा सोन्याचं मांजर बघायची फार इच्छा होती, पण त्यासाठी करावं लागणारं पाप कुणाला नको होतं :)

ती एक गोष्ट करायची, ती सांगायला आले. घाबरलेल्या मांजराच्या खोलीत ती तांदूळ निवडायला बसायची. मांजराकडे पाठ. एक शब्द नाही. तासाभराने मांजर येऊन सुपाला अंग घासायचं. आम्ही विचारलं तर म्हणायची, तिला मला बघायचंय, मी तिला बघितलं तर ती कशी बघणार?

निळी_शाई
बुधवार, दुपारी ३:०५

अबोली, किती सुंदर! आणि तुमच्या आजीचं अगदी खरं आहे. टक लावून बघणं मांजराच्या भाषेत दमदाटी असते. उलट तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे, अर्धवट उघडायचे, पुन्हा मिटायचे आणि नजर वळवायची, हे तिला 'मी काही करणार नाही' असं सांगणं असतं. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० साली हे रीतसर तपासून छापलं होतं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही तसे डोळे मिटतात, आणि अनोळखी माणसाने मिटले तरी त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात.

दुसरं, पुठ्ठ्याचं खोकं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. खोकेवाली मांजरं कितीतरी लवकर रुळली. तो अभ्यास २०१४ सालचा. लपायला मिळालं की मांजर भित्रं होत नाही, उलट सावरतं. रांगडे दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. टीव्हीचं किंवा किराण्याचं खोकं आडवं ठेवा, दोन बाजूंना भोकं पाडा, म्हणजे तिला कोंडल्यासारखं वाटणार नाही. एखादं उंचावर, कपाटावर ठेवा, चढायला मधे स्टूल.

शेवंतीची_आई
बुधवार, रात्री ९:५०

डॉक्टरांकडे जाऊन आलो. टॉवेलची युक्ती चालली. ताप नाही, दात-कान-पाय ठीक, पोट मऊ. लघवी तपासली, त्यात काही नाही. वजन दीडशे ग्रॅमने कमी. ते म्हणाले, शरीराने ठणठणीत आहे, घरात काय बदललंय ते शोधा.

आम्ही चौघं बसून आठवतोय. आकाशकंदील? पाहुणे? पडदे धुतले? पण पडदे तर गणपतीतही धुतले होते.

शून्य_चार
बुधवार, रात्री १०:१५

एक विचारू? लक्ष्मीपूजनापासून असं तुम्ही म्हणता, ते नक्की का? दिवाळीच्या गडबडीत आपलं लक्ष नसतं, आणि नंतर कारण म्हणून फटाके आयते हाताशी असतात. मोबाईलमधले फोटो तारखेने लावून बघा. शेवटचा 'नेहमीसारख्या' शेवंतीचा फोटो कधीचा आहे?

शेवंतीची_आई
बुधवार, रात्री ११:३०

शून्य_चार, अंगावर काटा आला.

शेवटचा निवांत फोटो दिवाळीआधीच्या बुधवारचा, फराळाच्या डब्यांशेजारी उताणी पडलेली. त्यानंतर गुरुवारी, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मुलाने काढलेला एक व्हिडिओ आहे. त्यात ती दारापाशी त्याचे खेळायचे बूट हुंगतेय, तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ उचलून. आम्ही तेव्हा हसलो होतो. मग एकदम शेपूट फुगवून मागे सरकते. शुक्रवारपासून एकही फोटो नाही, आणि मला आता आठवतंय की शुक्रवारी दिव्यांचे फोटो काढताना ती कुठे दिसत नाही म्हणून मी शोधलंही होतं. तेव्हा आमच्याकडे एकही फटाका वाजला नव्हता.

शून्य_चार
बुधवार, रात्री ११:४१

मग उत्तर दाराबाहेर आहे. शू कुठे केली? दारातल्या पायपुसण्यावर. फिस्कारली कधी? मुलगा बाहेरून आल्यावर. तुमच्या मजल्यावर कुणाचं नवीन मांजर किंवा कुत्रं आलंय का?

तीन_भाट्या
बुधवार, रात्री ११:५८

ते तोंड उघडं ठेवून हुंगणं म्हणजे ती दुसऱ्या जनावराचा वास 'वाचत' होती. टाळूपाशी त्यांना वासासाठी एक वेगळा अवयव असतो, त्याच्यापर्यंत वास पोचवायला त्या असा चेहरा करतात. मी पैज लावते, मजल्यावर बोका येतोय. नसबंदी न झालेला. त्यांच्या लघवीचा वास आपल्यालाही सहन होत नाही, तिला तर तो दारावर चिकटवलेल्या धमकीच्या चिठ्ठीसारखा. आणि बुटांना लागून तो रोज घरात येतोय.

म्हणून पिल्लू फिस्कारलं हो. मुलाला विसरली नाहीये ती. त्याच्या पायांना दुसऱ्याचा वास होता. आधी त्याला हे सांगा.

शेवंतीची_आई
गुरुवार, सकाळी ८:२०

वॉचमनकाकांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "तो शेठ ना? पिवळा मोठा. थंडी पडायला लागल्यापासून वर येऊन झोपतो की, तुमच्याच चपलांच्या रॅकवर." त्यांनी त्याचं नाव 'शेठ' ठेवलंय, कारण जिना चढताना मधेच थांबून सगळीकडे नजर टाकतो म्हणे.

रॅक हलवला. मागच्या भिंतीवर डाग, वास. सासूबाई म्हणाल्या, म्हणूनच सफाईवाल्या मावशी आठवडाभर दारात दुप्पट फिनेल टाकतायत.

मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे बूट बाल्कनीत नेऊन ठेवले आणि साबणाने पाय धुतले. मग दिवाणापासून लांब बसून डोळे सावकाश मिटून दाखवत होता. मला स्वयंपाकघरात जाऊन रडून घ्यावं लागलं.

गुरांचा_डॉक्टर
गुरुवार, सकाळी ८:५५

उत्तम शोध. शून्य_चार यांना दवाखान्यात कामाला घ्यायला हवं.

फिनेल मात्र ताबडतोब थांबवा. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. फरशीवरून पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं. काळं फिनेल सर्वांत वाईट. जंतुनाशक म्हणून पाण्यात टाकलं की पांढरं होणारं जे द्रावण घरोघरी असतं, तेही मांजराच्या घरात नको. डांबराच्या गोळ्याही नकोत. शिवाय या उग्र वासांखाली तिचा स्वतःचा वास दबतो. मांजर गाल, हनुवटी घासून घराच्या कोपऱ्यांवर आपली खूण ठेवतं. ती खूण रोज पुसली गेली की तिला आपलंच घर अनोळखी होतं.

निळी_शाई
गुरुवार, सकाळी ९:३०

डाग काढायला एन्झाइमवालं क्लीनर घ्या, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. ओतून पुसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, मग टिपायचं. अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका, तो वास लघवीच्या जवळ जातो आणि शेठला वाटेल आणखी कुणी येऊन गेलं.

घरात मात्र उलटं करा. मऊ सुती फडकं तिच्या चादरीवर, आणि ती करू देईल तेव्हा गालावर हलकेच फिरवा. मग तेच फडकं दाराची चौकट, सोफ्याचा पाय, टेबलाचा कोपरा, तिच्या नाकाच्या उंचीवर घासा. चादर धुवू नका इतक्यात. याच खुणेची कृत्रिम नक्कल असलेलं प्लगमध्ये लावायचं यंत्रही मिळतं. एक बाटली साधारण महिनाभर जाते.

गुलबक्षी
गुरुवार, सकाळी १०:१०

ते यंत्र मी दोनदा लावलं, माझ्या बोक्याला तिळमात्र फरक पडला नाही.

हडसनकाठ
गुरुवार, सकाळी १०:४४

आमच्याला पडला. मांजर-मांजरावर असावं. फडक्याचा उपाय फुकट आहे, तो आधी.

पिंपळपान
गुरुवार, दुपारी १२:१५

आता त्या शेठचं काय? त्याला काठीने हाकलू नका ही विनंती. त्याला थंडी वाजते म्हणून तो येतो.

रांगडा_गडी
गुरुवार, दुपारी १२:५०

हाकलायचा प्रश्नच नाही. त्याला खाली जागा द्या. पार्किंगमध्ये जिन्याखाली एक खोकं, गोणपाट, वर प्लास्टिक. रोज ठरलेल्या वेळी तिथेच खाणं दिलं की वर चढायचं कारण राहत नाही. आम्ही दुकानामागे दोघांना असंच ठेवलंय. आणि त्याची नसबंदी करा. बोक्याची शस्त्रक्रिया लहान असते, बहुतेक त्याच दिवशी परत सोडता येतो. नंतर भिंतीवर लघवी फवारणं बरंच कमी होतं, वासाचा उग्रपणाही जातो, मारामाऱ्याही.

तीन_भाट्यांनी रेवडीचं लिहिलं ते काल रात्री दोनदा वाचलं. वाड्यातली मांजरं सरळ झाली असं मला वाटायचं. पण खरंच, आजोबांनी सोडलं की ती पेंढ्याच्या गंजीतच जायची. सरळ कधी झाली ते आम्ही बघायला थांबलोच नव्हतो.

अबोली_म्हापसा
गुरुवार, दुपारी १:०५

दादा, हे लिहिलंत ते फार आवडलं.

दक्षिण_मुंबईकर
गुरुवार, दुपारी ३:३०

धागा थोडा भरकटवते, क्षमा. मुंबईत कुणाला भटक्या बोक्याची नसबंदी करायची असेल तर परळचं बैल-घोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, तिथे चौकशी करा. एकोणिसाव्या शतकापासून चालू असलेली संस्था आहे. माझे आजोबा टांग्याचा घोडा तिथे न्यायचे, मी मांजर नेते.

आणि शेवंतीच्या आईला एक: खेळ विसरू नका. लांब काठीला दोरी, दोरीला चिंधी. दिवाणाच्या कडेने सापासारखी सरपटत न्यायची, तिच्या अंगावर नाही, तिच्यापासून दूर जाणारी. शिकारीत रमलेलं मांजर तेवढा वेळ घाबरायचं विसरतं. शेवटी चिंधी तिला पकडू द्या आणि लगेच खाऊ. उकडलेल्या चिकनचा धागा, मीठ-कांदा-लसूण न घातलेला. सुकट आवडत असेल तरी खारवलेली नको.

शेवंतीची_आई
रविवार, रात्री १०:२०

चार दिवसांचा वृत्तांत.

गुरुवारी भिंत, रॅक, उंबरठा साफ केला. रॅक आत बाल्कनीत आणला. फिनेल बंद. मावशींना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं ना ताई, मला तरी कुठे तो वास आवडतो." दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, म्हणजे बाहेरचा वास कमी येईल. वॉचमनकाका आणि मी मिळून जिन्याखाली शेठचं खोकं केलं. नसबंदीसाठी एका संस्थेशी बोलणं झालंय, पुढच्या आठवड्यात पिंजरा घेऊन येतील.

शुक्रवारी काहीच नाही. दिवाणाखाली दोन डोळे.

शनिवारी दुपारी मुलगा जमिनीवर पालथा पडून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचत होता, तिच्याकडे न बघता. आम्ही सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं. अर्ध्या तासाने ती दिवाणाच्या कडेपर्यंत आली आणि पुढचे दोन पंजे बाहेर ठेवून ऐकत बसली. तो वाचता वाचता थांबला की कान टवकारायची. म्हणून त्याने सगळं पुस्तक संपवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

आज संध्याकाळी खोक्यात गेली. चिकनही दिवसा खाल्लं. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली तशी परत आत पळाली, पण यावेळी पाच मिनिटांत बाहेर आली. आधी ती तासन् तास आत असायची.

तीन_भाट्या
रविवार, रात्री १०:४१

पाच मिनिटं! तेच बघायचं असतं. घाबरली का यापेक्षा किती लवकर सावरली ते मोजा. आणि दोन दिवस चांगले गेल्यावर एक दिवस एकदम वाईट येईल, तेव्हा धीर सोडू नका. वेळा सांभाळा. खाणं, खेळ, दिवे बंद करणं रोज त्याच वेळी. काय कधी होणार हे आधी कळलं की मांजराचा अर्धा जीव शांत होतो.

मोरपिसारा
सोमवार, सकाळी ७:३०

ज्यांच्या घरी दोन मांजरं आहेत त्यांच्यासाठी आमचा अनुभव. खिडकीबाहेर परका बोका दिसला आणि आमच्या मोठीने त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून शेजारी बसलेल्या धाकटीवर झडप घातली. सख्ख्या बहिणी, एका ताटात खाणाऱ्या. त्यानंतर धाकटी महिनाभर कपाटावर. शेवटी दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवून, चादरी अदलाबदल करून, दाराच्या दोन बाजूंना ताटल्या ठेवून पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागली. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवला. तुमच्याकडे तळमजला असेल तर हा कागद लक्षात ठेवा.

गुलबक्षी
सोमवार, सकाळी ११:०२

मूळ प्रश्न राहिलाच की. ती पहिल्यासारखी होईल का?

तीन_भाट्या
सोमवार, दुपारी १२:२०

गुलबक्षी, मीही रात्री तोच विचार करत होते. खरं सांगते. रेवडीला आता चार वर्षं झाली. ती जेवते, खेळते, माझ्या उशीवर झोपते. पण ड्रिल ज्या खोलीत चाललं होतं तिथे ती पाठीमागे भिंत असेल अशाच जागी बसते, खोलीच्या मधोमध कधीच नाही. पूर्वी मधोमध लोळायची. मला सुरुवातीला वाईट वाटायचं. नंतर मी त्या भिंतीपाशी तिची गादी टाकली, आणि ती त्या गादीवर सुखात असते.

शेवंती लहान आहे, कारण लवकर सापडलं, घरातली माणसं समंजस आहेत. ती खूपच परत येईल असं मला वाटतं. बेल वाजल्यावर दारात धावेलच असं नाही.

शेवंतीची_आई
पुढचा शनिवार, रात्री ९:०५

तीन_भाट्या, खरं सांगितलंत म्हणून धीर आला. खोट्या आशेपेक्षा हे बरं.

शेठची नसबंदी झाली. कानाच्या टोकाला छोटा छेद घेऊन परत आला, तीच ओळखीची खूण असते म्हणे. जिन्याखालच्या खोक्यात झोपतो. वॉचमनकाकांनी त्याला घरचं जुनं स्वेटर दिलंय.

शेवंती आता हॉलमध्ये येते. कपाटावरच्या खोक्यातून दार दिसतं, तिथे बसून कोण आलं ते बघते. बेल वाजली की आधी खोक्यात जाते, मग फक्त कान बाहेर येतात. आज कुरिअरवाला आला तेव्हा खाली उतरली नाही. पण तो गेल्यावर सावकाश उतरून दारापर्यंत गेली, उंबरठा हुंगला, चौकटीला गाल घासला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

मुलगा सोफ्यावरून श्वास रोखून बघत होता. मग त्याने त्याचे बूट आणून दाखवायचे का असं विचारलं. मी म्हटलं, थांब अजून थोडे दिवस.

अबोली_म्हापसा
पुढचा शनिवार, रात्री ९:१२

त्याला म्हणावं तोपर्यंत तांदूळ निवडायला बस :)